उठू का जरा

राबाचा धूर परत सुरू झाला. शिमग्याच्या मागंपुढं आमच्या मुळशीत सकाळी दार उघडलं की डोंगराच्या अंगावर जागोजागी धुराच्या बारीक रेघा उभ्या दिसतात. बावधनकडनं फिरायला आलेली गाडीवाली माणसं काच खाली करून विचारतात, "काका, वणवा लागलाय का?" वणवा नाही. भाताचं रोप ज्या तुकड्यात टाकायचं तो तुकडा आम्ही आधी भाजून काढतो, त्याला राब म्हणतात. खाली शेण, त्यावर ऐनाच्या वाळल्या डहाळ्या, त्यावर पातेरा, म्हणजे झाडाखालचा वाळका पाला, त्यावर गवत, आणि सगळ्यात वर मूठमूठ बारीक माती. माती कशाला, तर जाळ वर येऊ नये म्हणून. राब भडकला की वाया गेला. तो आतल्या आत धुमसला पाहिजे. वरनं बघणाऱ्याला वाटावं की विझलाय. पाय ठेवला की कळतं.

यंदा मी पाय ठेवला, चुकून. चपलेचा तळ वितळला, त्याचा घाण वास सुटला, तेव्हा मंदानं, माझ्या सुनेनं, ओरडून मला मागं ओढलं. संध्याकाळी पायाला हा एवढा फोड आलेला दिसला. पण भाजताना मला कळलं नव्हतं. वर्षभर असंच चाललंय. मागं एकदा मंदा आमटीत मीठ घालायला विसरली. मी वाडगाभर आमटी पिऊन उठलो. ती जेवायला बसल्यावर म्हणाली, "अवो आबा, आळनी हाय की समदं! बोलायचं तरी!" काय बोलायचं? मला वाटलं, आमटी अशीच लागते.

हौसा, माझी बायको, मागच्या वर्षी याच दिवसांत गेली. तारीख कुणाला सांगावी लागत नाही. गावात कुणालाही विचारा, हौसाबाई कधी गेली, तर तो म्हणतो, कप जिंकला त्याच्या तिसऱ्या दिवशी. देशाचा आनंद आणि माझ्या घरातलं मरण लोकांनी एकाच खुंटीला अडकवून ठेवलंय. लोकांचं चुकत नाही. मलाही तसंच आठवतं. आधी फटाके, मग ती.

एक गोष्ट मात्र गावाला माहीत नाही. दत्तूला, माझ्या मुलालाही माहीत नाही, असं मी वर्षभर धरून चाललो होतो. ती गोष्ट तोंडाशी यायची आणि परत आत जायची. त्या गोष्टीवर मी मूठमूठ माती टाकत राहिलो.

तो आनंद खोटा होता असं मी म्हणणार नाही. माणूस मेलेल्या घरातल्या म्हाताऱ्यानं तसं म्हटलं तर लोक माना डोलावतात. पण मी तो आनंद माझ्या डोळ्यांनी बघितलाय. आमच्या आळीत दोन चुलतभाऊ आहेत. बांधाच्या दगडावरनं त्यांची बोलाचाली बंद होती, इतकी की एकाच्या घरात पोरगी जन्मली ते दुसऱ्याला रेशनच्या रांगेत कळलं. त्या दिवशी शेवटचा रन निघाला आणि ते दोघं माझ्या अंगणात एकमेकांच्या गळ्यात पडले. एकानं दुसऱ्याच्या तोंडात पेढा कोंबला. दुसरा रडत होता. चार दिवसांनी परत बोलाचाली बंद झाली. दगड तिथंच होता ना. पण त्या संध्याकाळपुरता तो दगड कुणाला दिसला नाही, हे खरं आहे.

भरे गावाकडच्या रस्त्याला नवी सोसायटी झालीय. तिथं नागपूर-लातूरकडची पोरंपोरी राहतात, कंपन्यांत कामाला जातात. एरवी आम्ही त्यांना नुसतं सोसायटीवाले म्हणतो, आणि ते आम्हाला काय म्हणतात ते मला माहीत नाही, कारण ते बोलतच नाहीत. त्या दिवशी ती सगळी खाली उतरून आमच्या ढोलामागं चालली. वरच्या आळीचं पथक आणि खालच्या आळीचं पथक एरवी वेगळं वाजवतं, त्या दिवशी एकत्र वाजलं. एका पोरीनं माझ्या कपाळाला गुलाल लावला. म्हणाली, "आजोबा, जिंकलो ना आपण!" मी म्हटलं, "जिंकलो, पोरी, जिंकलो." आणि मी नाचलो. हातातली काठी वर धरून नाचलो. सत्तरी ओलांडलेला माणूस, गुडघे दुखणारा. त्या अर्ध्या तासात गुडघे दुखले नाहीत. गेल्या कित्येक वर्षांत मला इतकं बरं वाटलं नव्हतं. हेही खरं आहे, आणि मला ते लिहून ठेवायचंय, कारण पुढचं लिहायचं तर हे झाकता येणार नाही.

ही ओढ जुनी आहे. मी तरणा असताना पौडच्या एस्टी स्टँडासमोर एका हॉटेलात रेडिओ होता. एका सकाळी त्याच्यावर बातमी लागली की देशानं मोठा कप जिंकला. हॉटेलात पंचवीस-तीस माणसं होती. बातमी संपेपर्यंत एकानं चहाला हात लावला नाही. मी गाडीची वाट न बघता चालत घरी आलो. पाय थांबेचनात. हौसा परड्यात राखेनं भांडी घासत होती.

"अगं, आपन जिंकलो!"

"कुटं?"

"लांब. साहेबाच्या देशात."

"आपन कवा गेलतो तितं?" ती म्हणाली आणि पातेलं उपडं घातलं.

मला राग आला होता. तिला काय सांगणार? मलाच नीट सांगता येत नव्हतं. मी बॅट कधी हातात धरली नाही. चौथीनंतर शाळेचं तोंड बघितलं नाही. उभा जन्म डोक्यावर शेणाची पाटी. पण लांब कुठंतरी आपल्यासारखी सावळी पोरं गोऱ्या माणसांच्या देशात उभी राहिली आणि हरली नाहीत, एवढं ऐकलं आणि माझी पाठ ताठ झाली. दोन दिवस ताठ होती. पाटी वाहणाऱ्या माणसाची पाठ ताठ करणाऱ्या गोष्टी जास्त नसतात. मिळाली की माणूस ती सोडत नाही.

दत्तू पिरंगुटच्या कंपनीत कायम झाला तेव्हा त्यानं भिंतीएवढा टीव्ही आणला. तेव्हापासून मॅच असली की भावकीतले सगळे बाप्ये आमच्या घरात. चपलांनी ओसरी भरून जायची. सगळ्यांच्या जागा ठरलेल्या. मी भिंतीला टेकून. बाळू खिडकीत. बाळू म्हणजे माझा चुलतभाऊ, वयानं माझ्याहून बराच लहान आणि तोंडानं बराच मोठा. रिमोट दत्तूकडं. तो मान त्याचा, टीव्ही त्याचा म्हणून.

हौसाला जागा नव्हती. ती आतबाहेर करायची. चहा आण, पाणी आण, कुणाचं पोर रडतंय ते उचल. एकदा अशीच मॅच चालू होती, आपल्या विकेटी पटापट पडत होत्या, आणि ती वाल निवडायचं सूप घेऊन माजघराच्या दाराशी भाताच्या कोठीला टेकून बसली. कोठी म्हणजे पत्र्याची, छातीएवढी उंच. ती बसली आणि विकेटी पडायच्या थांबल्या. तासभर पडली नाही. मग चुलीवर दूध होतं म्हणून ती उठली, आणि गेली विकेट. परत येऊन बसली, परत सगळं ठीक.

हे पहिल्यांदा बाळूच्या ध्यानात आलं. तो खिडकीतनं ओरडला, "वैनी, आता हलायचं न्हाई! दूध उतू जाऊ द्या!"

"आन मग चा कशाचा करू? तुज्या मिशीचा?"

सगळे हसले. पण तेव्हापासून नेमच झाला. देश बॅटिंगला आला की हौसाला कोठीपाशी बसवायचं. सूप हातात द्यायचं, कारण पहिल्या वेळी सूप होतं. वाल संपले तर तांदूळ द्यायचे, निवडलेलेच परत निवडायला. आणि शेवटचा बॉल होईपर्यंत तिला उठू द्यायचं नाही. शिकलेली माणसं याला हसतील. हसू देत. सोसायटीतला एक इंजिनियर आमच्याकडं मॅचला यायचा, तो प्रत्येक वेळी तोच निळा सदरा घालायचा, न धुता. त्याला कोण हसलं नाही.

यात एक गोष्ट होती, ती मला तेव्हा कळली नाही, आता कळतेय. हौसाला बसायला फार आवडायचं. लग्न होऊन आली तेव्हा चौदा-पंधरा वर्षांची होती. तेव्हापासून तिला घरात, शेतात, सासूनं, नणंदांनी, मी, पोरांनी एकच शब्द सांगितला: ऊठ. ऊठ, पाणी भर. ऊठ, गुरं सोड. ऊठ, पावणं आलं. ती आजारी असली तरी ऊठ. लावणीत चिखलात वाकून दिवस काढायचा आणि घरी आल्यावर सगळ्यांनी टेकायचं, तिनं चूल पेटवायची. तिला कुणी कधी बस म्हटलं असेल तर देशानं म्हटलं. या मॅचपायी बारा बाप्ये हात जोडून सांगायचे, वैनी बसा, काकी बसा, आई बस. मंदा जागेवर चहा आणून द्यायची. हौसा कोठीला पाठ लावायची, पत्रा डबकन वाजायचा, आणि ती डोळे मिटून म्हणायची, "गार लागतंय गं बया पाठीला." एकदा रात्री भाकरी वाढताना मला म्हणाली, "अवं, ही म्याच रोज का न्हाई ठेवत? पाय तरी लांब करता येत्याल." पुढं पुढं ती सुद्धा म्हणायला लागली, "आपन जिंकलो." मी एकदा तिला डिवचलं, "आपन कवा गेलतो तितं?" ती म्हणाली, "तुमी गेला नसाल. म्या हितं बसून जिकवलंय."

तिला त्याचा अभिमान होता. तो मी दिलेला नव्हता. मी तिला लुगडं दिलं, दोन वेळचं दिलं, पण अभिमान वाटावा असं काही दिलं असेल तर मला आठवत नाही.

मागच्या वर्षीची फायनल दुपारी सुरू झाली. रविवार होता. सकाळी आम्ही दोघांनी राबाला शेण टाकलं होतं. सात-आठ पाट्या तिनं वाहिल्या. आंघोळ करून ती कोठीपाशी बसली, सूप घेऊन. घर भरलं. धुराचा वास सगळ्यांच्या कपड्यांना, वर शेंगदाण्याच्या टरफलांचा, वर बाप्यांच्या घामाचा. आपली बॅटिंग आली. दिवेलागण झाली तरी मॅच चालूच. हातातोंडाशी आलेलं होतं, पण निसटेल असंही वाटत होतं. मी भिंत सोडून पुढं सरकलो होतो, तिच्या पुढ्यात, हातभर अंतरावर.

ती हळूच म्हणाली, "अवं, उठू का जरा?"

मी टीव्हीकडंच बघत होतो.

"पाठीत कायतरी धरलंय. डावा हातबी जड झालाय."

मी मान वळवली नाही. म्हटलं, "बस गं. पाच ओव्हर ऱ्हायल्यात."

ती जराशी हलली असेल. खिडकीतनं बाळूनं बघितलं. "ओ वैनी! बुड हलवू नका! तुमच्या जिवावर देश उभा हाय!" सगळे हसले. त्यात टीव्हीचा आवाज मोठा झाला. तीसुद्धा हसली. मला तिचं हसणं ऐकू आलं, कारण मी बघत नव्हतो तरी हातभरच अंतर होतं. "बरं बाबा, बसते," ती म्हणाली. "देश बुडला तर माज्यावर नाव यायचं."

पत्रा डबकन वाजला. ती परत टेकली.

जिला बसायला आवडत होतं तीच उठू का म्हणाली. एवढ्यावरनं मला कळायला पाहिजे होतं. गोठ्यातलं जनावर मुकं असलं तरी त्याच्या उभं राहण्यावरनं मला कळतं की त्याचं पोट दुखतंय. हौसा तर बोलली होती.

आपण जिंकलो. ढोल, गुलाल, ते सगळं मी वर लिहिलंय. मी परत घरात आलो तेव्हा ती चौकट धरून उभी होती. कपाळावर कुणीतरी गुलाल फासलेला. मी म्हटलं, "जिकवलंस की गं!" ती म्हणाली, "व्हय. हातपाय धुवा, वाढते." तिनं वाढलं. जराशी सावकाश वाढलं. दुसऱ्या दिवशी तिनं राबाला पातेरा वाहिला. मी तिला विचारलं नाही, पाठ कशी आहे. ती बोलली नाही. मंगळवारी सकाळी चुलीपुढं बसल्याजागी ती कलंडली.

दत्तूनं गाडी काढली. पौडला एका खाजगी दवाखान्यात नेलं. डॉक्टर तरुण होता, चांगला होता. त्यानं तिचा हात धरला, छातीला नळी लावली आणि विचारलं, "आजी, कधीपासून दुखतंय?" तिला बोलता येत नव्हतं. मग त्यानं माझ्याकडं बघितलं. "आजोबा, कधीपासून?"

मी म्हटलं, "आत्ता, सकाळपासनं."

ती शुद्धीवर होती. तिनं माझ्याकडं बघितलं. रागानं बघितलं असतं तर बरं झालं असतं. मी वेंधळेपणा केला की ती जशी बघायची तसं बघितलं, आणि डोळे मिटले. दत्तू माझ्या शेजारीच उभा होता, खाली मान घालून. डॉक्टर म्हणाला, ताबडतोब पुण्याला न्या. चांदणी चौक यायच्या आतच ती गेली होती.

खरं सांगितलं असतं तर ती वाचली असती का? माहीत नाही. मी डॉक्टर नाही. तेव्हा सांगून काही होण्यासारखं राहिलंही नसेल. पण रविवारी पाच ओव्हर आधी ती उठली असती, आडवी पडली असती, दत्तूनं गाडी काढली असती. एवढं मला चौथी शिकूनही कळतं.

दुखवट्याला लोक आले. आमच्याकडं दुखवट्याला आलेला माणूस खाली बघून बसतो, मग गेलेल्या माणसाचं काहीतरी चांगलं बोलतो, मग कोरा चहा घेऊन उठतो. हौसाचं चांगलं बोलायला लोकांना विचार करावा लागला नाही. प्रत्येकानं तेच सांगितलं. "देशाला जिकवून गेली म्हातारी." बाळूनं तर दहाव्याला नदीवर चार माणसांत सांगितलं, "अशी बाई व्हनार न्हाई. पाठीला रग लागली तरी उठली न्हाई!" लोक हळहळले, आणि त्यांच्या तोंडावर एक प्रकारचं कौतुक होतं. पोरांनी चौकात फलक लावला. एका कोपऱ्यात कप धरलेली टीम, मध्ये हौसाचा फोटो, नाकात नथ, रेशनकार्डाच्या वेळचा. खाली भावपूर्ण श्रद्धांजली. येणारीजाणारी गाडीवाली माणसं तो बघून थांबायची. ही आजी खेळायची का, असं एकीनं मला विचारलं. मी म्हटलं, "न्हाई. बसायची."

फलकासमोर मी कितीदा उभा राहिलो असेन. रडू येईल असं वाटायचं. नाही आलं. उन्हानं आधी टीम फिकी झाली, मग हौसा.

मी यावर बराच विचार केलाय. राब धुमसत असताना माणसाला बांधावर बसून राहावं लागतं, आग पसरू नये म्हणून. तेव्हा दुसरं काय करणार. देश जिंकतो तेव्हा माणसाला नक्की काय मिळतं? पीक वाढत नाही. गुडघा बरा होत नाही. तरी काहीतरी मिळतं, नाहीतर त्या चुलतभावांनी मिठी मारली नसती. मला वाटतं, रोजचं जगणं ज्याचं त्याला एकट्यानं ओढावं लागतं. त्या एका दिवशी वाटतं की सगळे मिळून काहीतरी ओढतायत आणि आपलाही हात लागलाय. म्हणून तर माणूस तोच मळका सदरा घालतो, कुणाला हलू देत नाही. कुणाला तरी वाटायला पाहिजे की माझ्यामुळं झालं. हौसाला वाटलं. त्यात वाईट काय? वाईट एवढंच, की लांबच्या माणसांच्या जिंकण्याला आपला हात लागावा म्हणून मी जवळच्या माणसाचा जड झालेला हात बघितला नाही.

यंदा परत फायनल आली, परत राबाच्या दिवसांत. चार दिवसांवर वर्षश्राद्ध. मला वाटलं, घरात टीव्ही लागणार नाही. पण संध्याकाळी ओसरीत चपला वाजायला लागल्या. बाळू आला, चुलतभाऊ आले, एक एका कोपऱ्यात, दुसरा दुसऱ्यात. इंजिनियर आला, त्याच सदऱ्यात. मंदानं कोठीपाशी जागा पुसली आणि हौसाचं सूप तिथं उभं करून ठेवलं. कुणी त्या जागेवर बसेना. मॅच सुरू झाली. यंदा आपली बॅटिंग आधी झाली. बराच वेळ ठीक चाललं, मग समोरच्यांची विकेट पडेना.

बाळू म्हणाला, "दादा, तुमी बसा वैनीच्या जागी."

"मला काय जमतंय त्यातलं?"

"त्यात काय जमायचं? बसायचं नुसतं. त्यांचं पुण्य हाय त्या जागंत."

मी बसलो. नाही कशाला म्हणू? मला तेव्हा सगळ्या जागा सारख्याच होत्या. मंदानं सुपात मूठभर तांदूळ टाकले, ते मांडीवर घेतलं. पाय लांब केले. टेकलो.

पत्रा डबकन वाजला.

आणि पाठीला गार लागलं. वर्षभरात मला मीठ लागलं नव्हतं, निखारा लागला नव्हता, आणि हे लागलं. सदऱ्यातनं आत आलं. तिचं डोकं जिथं टेकायचं तिथं पत्र्यावर तेलाचा एक डाग आहे, तो माझ्या कानाला लागून होता. समोर सगळ्यांच्या पाठी होत्या. तिथनं माणसांच्या पाठीच दिसतात, हे मला माहीत नव्हतं. इतकी वर्षं ती या पाठी बघत बसली होती. तिनं विचारलं तेव्हा माझीही अशीच पाठ दिसली असणार.

मी उठलो.

"आबा!" मंदा ओरडली.

"दादा, आवं काय करताय! बसा, बसा!" बाळू खिडकीतनं अर्धा आत आला. "दोनच ओव्हर ऱ्हायल्यात! आवं देश बुडंल!" कुणीतरी माझा सदरा धरून ओढला. मी चौकट धरली. उठताना सूप मांडीवरनं पडून तांदूळ सांडले होते. दत्तू तेवढा टीव्हीकडं तोंड करून तसाच बसून राहिला.

मी बसलो नाही. पुढच्याच बॉलला टीव्हीत आरडाओरडा झाला आणि घरातही झाला. पाहिजे होती ती विकेट पडली होती. क्षणभर सगळे माझ्याकडं बघत राहिले. मग बाळू म्हणाला, "दादा, आता तसंच उभं ऱ्हावा! बसू नका! आजाबात बसू नका!"

एवढ्यात नेम फिरला. इतका सोपा होता तो.

मी उभाच राहिलो. आपण जिंकलो. मी उभा असताना, कोठीपाशी कुणी बसलेलं नसताना, सूप उपडं पडलेलं असताना जिंकलो. सगळे बाहेर पळाले. ढोल सुरू झाला. ते दोघे चुलतभाऊ परत गळ्यात पडले असतील. मंदा पेढे घेऊन गेली. घरात मी आणि दत्तू राहिलो. तो टीव्हीपुढं जमिनीवर, पाठमोरा. टीव्ही भसाभसा बोलत होता.

मी म्हटलं, "दत्तू, तुज्या आईनं त्या दिवशी मला इचारलं व्हतं. उठू का म्हनून."

तो हलला नाही.

"पाठीत धरलंय म्हनली. हात जड झालाय म्हनली. म्या बसवली. पौडला डाक्टरला खोटं सांगितलं. तुला बी."

"मला ठावं हाय, आबा."

"कुनी सांगितलं?"

"सांगायला कशाला पायजे? मी तिच्या पायापाशीच बसलो व्हतो." तो अजून तिकडंच तोंड करून होता. "ती हात जड झालाय म्हनली, तवा मीच टीव्हीचा आवाज वाढीवला."

मी खाली बसलो. कोठीपाशी नाही, त्याच्या शेजारी. खालचे तांदूळ पायाला टोचत होते. बाहेरनं बाळू हाका मारत होता, दादा या, दत्तू ये, तुमच्यामुळं जिंकलो. आम्ही गेलो नाही.

रिमोट दत्तूच्या हातात होता. त्यानं आवाज बंद केला. चित्र चालूच राहिलं. तिकडं लांब मैदानात सगळे एकमेकांच्या गळ्यात पडत होते.